अनिसा आपाची बोटं आणि अब्बांचा रुमाल

शहराच्या गारखेडा भागात 'ओसरी' कुठं आहे असं विचारलं, तर पुरुष म्हणतात, "काय माहीत बुवा," आणि त्यांच्याच मागं उभी असलेली बायको हळूच हनुवटीनं रस्ता दाखवते. दोन खोल्या, पाण्याचा माठ, प्लॅस्टिकच्या चार खुर्च्या आणि अनिसा आपा. मार खाल्लेली, घराबाहेर काढलेली किंवा आपल्या पायानं बाहेर पडलेली बाई इथं येते, पाणी पिते आणि बोलते. आपा लिहून घेते. बावीस वर्षं हेच.

आपा एक्कावन्न वर्षांची. शाळा आठवीत सुटली, दहावी तिनं तिशीत बाहेरून दिली. राग नाकाच्या शेंड्यावर. एकदा चौकीतल्या साहेबासमोर तिनं कायद्याचं कलम तोंडपाठ म्हटलं, आणि साहेब पुस्तकात शोधायला लागले तर म्हणाली, "दोन पानं पुढं, साहेब." असल्या बाईला कुणी 'चुकलं तुमचं' म्हणायला जात नाही. जो जातो तो परत येताना चहासुद्धा न पिता येतो.

प्रत्येक बाईला आपा लिहिण्याआधी एकच वाक्य सांगायची. "बोल. हे या भिंतीबाहेर जाणार नाही. कधीच नाही."

नावं उघडी लिहायची नाहीत हे तिनं पहिल्याच दिवशी ठरवलं होतं, आणि त्यासाठी तिच्याकडं घरचं हत्यार होतं. तिचे अब्बा मोहियोद्दीन देवगाव रंगारीच्या आठवडी बाजारात बकऱ्यांचे दलाल. त्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं हात पुढं करतात, वर रुमाल टाकतात, आणि खाली बोटं धरून, दाबून सौदा होतो. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी त्यांना फक्त रुमाल हलताना दिसतो. लहानपणी अब्बांच्या शेजारी उभं राहून अनिसा ती बोटांची भाषा शिकली होती.

तिच्यावरून आपानं स्वतःची लिपी केली. उजव्या हाताच्या चार बोटांची पेरं मोजली तर बारा होतात, आणि बाराखडीतही बाराच रूपं. म्हणजे काना-मात्रा उजव्या हातावर. डावा हात अक्षरांचा, तो तीनदा मोजायचा. क एक, ख दोन, असं करत ब तेवीस. 'बा' म्हणजे तेविसावर दोन. नुसत्या स्वरांना शून्य. म्हणून 'बाई' हा शब्द रजिस्टरात असा दिसायचा: २३-२, ०-४.

आणि तो पानोपानी दिसायचा. कारण आपाचा दुसरा एक नियम होता. ज्या बाईला तिच्या घरात 'ए' म्हणून हाक मारतात, तिला वहीत तरी 'बाई' म्हणायचं. एकोणीस वर्षांची पोरगी आली तरी तिच्या नावापुढं बाई. मुसलमान घरातली असली तर बी, २३-४. तोंडानं आपा 'अगं द्वारके' म्हणेल, पण कागदावर द्वारकाबाई. त्यात तडजोड नाही.

बावीस वर्षांत कपाटभर रजिस्टरं झाली. यंदा वाळवी लागली.

ओसरीत आपासोबत सुरेखा काम करते. तिनं सगळ्यात जुनं रजिस्टर उचललं तर अर्धं तिच्या हातात आलं आणि अर्धं कपाटातच राहिलं. मग पुण्याच्या एका संस्थेनं ऋतुराजला पाठवलं. सव्वीस वर्षांचा पोरगा, पाठीवर बॅग, बोलणं लोण्यासारखं.

"मॅडम, सगळं स्कॅन करू. आमच्या सर्व्हरवर पाठवू. एकदम कुलूपबंद."

"मॅडम नको. आपा म्हण. आणि कुलूप कसलं?"

"जगातले सगळे कॉम्प्युटर एकत्र जुंपले ना आपा, तरी सूर्य विझेपर्यंत उघडणार नाही."

आपाला पोरगा आवडला. पोरगं हुशार, आणि वाळवी काही थांबायला तयार नव्हती. तिनं हो म्हणून टाकलं.

तिसऱ्या दिवशी द्वारकाबाई आली. पंचेचाळिशीची. गारखेड्यात चौतीस घरी पोळ्या पोचवते. लिहिता-वाचता येत नाही, पण कोणत्या दारात किती पोळ्या हे कधी चुकलेलं नाही. एकवीस वर्षांपूर्वी ती तीन महिन्यांच्या पोरीला कडेवर घेऊन ओसरीत आली होती. ती पोरगी, संध्या, आता नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. द्वारकाबाईनं त्या दिवशी जे सांगितलं ते संध्याच्या जन्माबद्दल होतं. काय होतं, ते आपानं एकवीस वर्षं झाकून ठेवलं आणि इथंही ते उघडं होणार नाही.

"आपा, सुरेखा म्हणली वह्या कंप्युटरात चालल्यात."

"व्हय. वाळवी लागली गं."

"मग त्या कंप्युटरचं कुलूप किती वर्सं टिकतं?"

"सूर्य विझेपर्यंत म्हणतो पोरगा."

"सूर्याचं ऱ्हाऊ द्या." द्वारकाबाई खुर्चीत नीट टेकलीसुद्धा नव्हती. "माझं पान संध्याला माझ्या तोंडून कळलं पायजे. माझी हिंमत व्हईल तवा. मधीच कुणी तिसऱ्यानं तिच्या फोनवर टाकलं तर पोरगी माझं तोंड बघणार नाय. तुमी म्हणल्या व्हत्या, कधीच नाय. अजून तसंच हाय ना?"

आपा 'हो' म्हणायला गेली आणि अर्ध्यात थांबली. तिला माहीतच नव्हतं. माहीत नाही असं कबूल करणं हा तिचा पिंड नव्हे, म्हणून ती सुरेखावर ओरडली, माठ का भरला नाही म्हणून. माठ भरलेला होता.

सुरेखानं मनावर घेतलं नाही. उलट तिनंच तोड काढली. क्रांती चौकाजवळच्या एका कॉलेजच्या फाटकावर कागद लागला होता: 'क्वांटम कॉम्प्युटिंग आणि कूटशास्त्र (कुलूपबंद माहितीचं शास्त्र), साध्या मराठीत ओळख. रविवारी सकाळी अकरा. सर्वांना खुलं.'

"सर्वांना म्हणजे आपल्यालाबी," आपा म्हणाली.

हॉलमध्ये सगळी इंजिनिअरिंगची पोरं. आपा सुरेखाला घेऊन पहिल्या रांगेत मधोमध जाऊन बसली, पिशवी मांडीवर घेऊन. पिशवीत एक रजिस्टर होतं.

बोलणाऱ्या मंजुषा मॅडम भौतिकशास्त्र शिकवायच्या. बारीक अंगाच्या, आवाज मात्र खणखणीत. त्यांनी फळ्यावर २२१ लिहिलं आणि विचारलं, "हा कोणत्या दोन आकड्यांचा गुणाकार?" पोरं खिशातून फोन काढायला लागली. "राहू द्या. तेरा गुणिले सतरा. गुणायला एक मिनिट, उलटं शोधायला दहा. आता हेच आकडे शेकडो अंकांचे करा. गुणणं तरीही सोपं, पण उलटं शोधणं आजच्या कुठल्याही यंत्राला जन्मात जमत नाही. तुम्ही आणि तुमची बँक कधी भेटलेले नसता, तरी इंटरनेटवर तुमच्यात एक गुप्त किल्ली ठरते. आजवर ती बहुतेक करून असल्याच अवघड गणितांच्या भरवशावर ठरत आली आहे."

मग क्वांटम. आपा सावरून बसली.

"लोक सांगतात, हा लई वेगाचा कॉम्प्युटर. चूक," मॅडम म्हणाल्या. "पाणचक्कीच्या हौदात दोन खडे टाका. दोन्हींकडून लाटा निघतात. कुठं लाटेवर लाट चढते आणि पाणी उंच होतं. कुठं लाट खळग्यात पडते आणि पाणी सपाट. हे यंत्र आकड्यांशी तसं वागतं. काही विशिष्ट गणितांमध्ये त्याला अशा लाटा उठवता येतात की चुकीची उत्तरं एकमेकांना पुसतात आणि बरोबर उत्तर वर येतं. मोठ्या आकड्याचे तुकडे शोधणं हे त्यातलंच एक गणित. मधेच डोकावून बघितलं तर लाट मोडते, म्हणून असलं यंत्र बांधणं महाकठीण."

आपानं हात वर केला नाही. उभीच राहिली.

"मग ते कधी येणार?"

"लहान यंत्रं आजही आहेत. कुलूप फोडण्याएवढं मोठं अजून नाही. दहा वर्षं लागतील, वीस लागतील, जास्तही लागतील. खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही."

मागून एक पोरगा म्हणाला, "तोपर्यंत रिलॅक्स ना मग, मावशी!"

"मावशी तुझ्या घरी असंल," आपा मान न वळवता म्हणाली. हॉल हसला.

मंजुषा मॅडम मात्र हसल्या नाहीत. "रिलॅक्स नाही. कुणी आज तुमची बंद पेटी पळवून नेली आणि नुसती ठेवून दिली, तर? उघडायचं हत्यार वीस वर्षांनी आलं की उघडेल. म्हणून कुलूप किती मजबूत हे मागून विचारा. आधी गुपिताला विचारा, बाबा, तुला किती वर्षं झाकून राहायचंय?"

अब्बांचं गुपित बाजार उठेपर्यंतचं असायचं. संध्याकाळी बकऱ्या टेंपोत चढल्या की भाव साऱ्या गावाला कळला तरी कुणाचं काही जात नव्हतं. द्वारकाबाईचं गुपित द्वारकाबाईएवढंच जगणार होतं, किंवा तिच्याहून जास्त.

व्याख्यान संपलं. आपानं मॅडमना चहाच्या टपरीवर गाठलं आणि पिशवीतून रजिस्टर काढलं. पान तिनं विचार करून निवडलं होतं. ते वारलेल्यांचं वेगळं पान होतं, त्यावरच्या एकवीसही जणी आज या जगात नव्हत्या, आणि मजकुरावर तिनं जाड कागद टाचला होता. नुसत्या नावांचे आकडे दिसत होते.

"तुमच्या कंप्युटरचा भरवसा नसंल, पण माझं हे बावीस वर्षं कुणाला फुटलेलं नाय. घ्या. फोडून दाखवा."

मॅडमनी चहाचा घोट घेतला. मग पेन घेतलं. दुसरा कप मागवला. तो निम्मा झाला तेव्हा म्हणाल्या, "ही नावं आहेत ना?"

"असतील."

"बायकांची."

आपानं टाचलेला कागद आणखी घट्ट दाबला.

"जवळजवळ प्रत्येक ओळीच्या शेवटी आकड्यांच्या त्याच दोन जोड्या आहेत. मराठी बायकांच्या नावांच्या शेवटी काय असतं? बाई. म्हणजे तेवीस म्हणजे ब, आणि दोन म्हणजे काना. कपासून मोजलं तर ब तेविसावाच येतो. पुढं काहीच उरत नाही. ही बघा, रत्नमालाबाई. ही सत्यभामाबाई."

टपरीवर गर्दी होती. मॅडमनी आवाज खाली आणला होता, तरी आपाला वाटलं अख्खा क्रांती चौक ऐकतोय. रत्नमाला. सत्यभामा. त्या दोघींची नावं तिनं बावीस वर्षांत स्वतःच्या नवऱ्यासमोर घेतली नव्हती.

"म्हणजे मी त्यांना बाई म्हणलं म्हणून...?"

"आदर द्यायला हरकत नाही हो. पण तो रोज एकाच जागी, एकाच रूपात दिलात. फोडणाऱ्याला तेवढंच लागतं."

आपानं रजिस्टर ओढून घेतलं, पिशवीत कोंबलं आणि निघाली. चहाचे पैसेही मॅडमनाच द्यावे लागले. रिक्षात सुरेखा काही बोलायला गेली तर आपा म्हणाली, "एक शब्द काढशील तर उतरून चालत जाईन."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती देवगावच्या एसटीत बसली. डोक्यात एकच होतं. सगळी रजिस्टरं जाळायची. वाळवी नको, कंप्युटर नको. पण रजिस्टरं जाळली तर ज्या बायकांचे खटले अजून चालू होते त्यांच्या हातात काय राहिलं असतं? राख घेऊन कुणी कोर्टात जात नाही.

मोहियोद्दीन अब्बा अंगणात बाजेवर बसले होते. ऐंशी वर्षांचे, कान थोडे गेलेले, नजर मात्र बाजारातलीच.

"क्या बेटा, तोंड का उतरलंय? कुणाशी भांडलीस?"

"हरले, अब्बा."

"तू?" म्हातारा एकदम खूश झाला. "कौन है वो? भेटलं पायजे एकदा."

तिनं सगळं सांगितलं. मग विचारलं, "अब्बा, रुमालाखालची बोटं बाजारात कुणाकुणाला कळायची?"

"सगळ्यांना. शेतकऱ्याला, दलालाला, चहावाल्याला. बकऱ्यांनाबी कळत असंल."

"मग गुपित कसलं?"

अब्बांनी खांद्यावरचा रुमाल काढला. तिचा हात हातात घेतला, वर रुमाल टाकला आणि बोटं दाबली. शेजारची आशाबाई कुंपणापाशी कपडे वाळत घालत होती.

"आशाबाई, मी किती म्हणलो?"

"मला काय दिसतंय चाचा? रुमाल दिसतोय."

"बोटं वळखता येतात का नाय तुला?"

"आमच्या सासऱ्यानं शिकवलीत की! रुमाल काढा, लगेच सांगते."

"देखा?" अब्बा म्हणाले. "बोटात काय नाय बेटा. बोटं दुनियेला ठाऊक. जे हाय ते रुमालात हाय."

आपा त्या रुमालाकडं बघत राहिली. बावीस वर्षांपूर्वी तिनं या बाजारातून बोटं तेवढी उचलली होती आणि रुमाल इथंच विसरून गेली होती. रीत लपवून भागत नाही. रीत उद्या कुणीही ओळखतो. झाकायची ती हातातली गोष्ट, आणि ती दर सौद्याला नवी पाहिजे.

दुपारच्या गाडीनं ती परत आली ती थेट मंजुषा मॅडमच्या कॉलेजात. माफी तिनं मागितली नाही. फक्त म्हणाली, "कालच्या चहाचे पैसे ऱ्हायलेत. आणि एक सवाल हाय. तुमचं ते गुणाकाराचं कुलूप कधी न भेटलेल्या माणसांसाठी ना?"

"हो."

"आमी तर रोज भेटतो. आमाला किल्ली तारेवरनं पाठवायची गरजच काय?"

मंजुषा मॅडम खुर्चीतून उठल्या. "आपा, बसा. हे मला काल सांगायला हवं होतं."

पेटी बंद करायला आणि उघडायला एकच लांब किल्ली लागते अशीही कुलपं असतात, असं त्यांनी सांगितलं. क्वांटम यंत्र त्यांना थोडं खरवडेल. पण किल्ली पुरेशी लांब असेल आणि ती हातानंच दिली असेल, तर आज जेवढं गणित माहीत आहे त्याप्रमाणं ती उघडत नाहीत. न भेटलेल्या लोकांसाठीही नवी गणितं आली आहेत, जगभर जुनी कुलपं बदलणं चालू आहे.

"आणि किल्ली कशी करायची? मी केली तर परत बाई-बाई करून ठेवीन."

"माणसानं करायचीच नाही. फाशानं करायची. लुडोचा चालेल. शंभर वेळा टाका आणि येईल तो आकडा लिहा."

ऋतुराज आला तेव्हा आपानं त्याला समोर बसवला. "सूर्य विझेपर्यंत म्हणलास. किल्ली कुठल्या गणितानं जाते तुझी?"

पोरगा घुटमळला. मग खरं बोलला. "आपा, ते मला जसं सांगितलं तसं मी तुम्हाला सांगितलं. विचारलं नव्हतं."

"आता इचारलंस की शिकशील. चल, लाग कामाला."

तो लागला. पुण्याला अजून एकही पान गेलेलं नव्हतं. इंटरनेटची तार कधीही न जोडलेल्या एका कॉम्प्युटरवर रजिस्टरं उतरली. नावं आपानं स्वतः साध्या मराठीत उतरवली ती एका पेटीत, मजकूर दुसऱ्या पेटीत. किल्लीचे तीन तुकडे, आणि एक बाई आजारी पडली तर अडायला नको म्हणून प्रत्येक तुकड्याच्या दोन धनिणी. पुण्याला जाईल ती बंद पेटी. किल्ली राहील ओसरीच्या भरवशाच्या सहा जणींकडं.

आता द्वारकाबाईला सांगायचं उरलं होतं. आपाच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम ते, कारण त्यात ओरडायला कुणी नव्हतं.

"द्वारके, मी तुला कधीच नाय म्हणले व्हते. ते खोटं व्हतं. मला ठाऊक नव्हतं. माझी लिपी एका बाईनं दोन चहात फोडली. आता नवं कुलूप केलंय. ते कुणाला उघडता येतं असं आजतरी कुणाला ठाऊक नाय. दरसाली त्या मॅडमला इचारू. कच्चं पडणार असं दिसलं तर आधीच बदलू. पुण्याच्या पेटीत तुझं पान पायजे का नको, तू सांग. म्हणशील तर आत्ता फाडून तुझ्या हातात देते."

द्वारकाबाईनं पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं.

"दोन चहात?"

"दीड."

द्वारकाबाई हसायला लागली. डोळ्यांत पाणी आलं तरी हसणं थांबेना. "एवढा तुमचा रुबाब, आपा, आन दीड चहात!" मग डोळे पुसून म्हणाली, "फाडू नका. फाडलं तर कुणीच नाय उरत सांगायला, माझ्यावर काय बेतलं ते. ऱ्हाऊ द्या. पन किल्लीचा एक तुकडा माझ्याकडं पायजे."

"तुला लिहिता येत नाय."

"मला चौतीस दारं येतात ना."

शंभर आकड्यांचे तीन तुकडे केले की एक चौतीसचा होतो. तो द्वारकाबाई आणि आपा या दोघींचा ठरला. द्वारकाबाईनं स्वतः फासा टाकला. आला पाच, तर पहिल्या दारात पाच पोळ्या. आला दोन, तर दुसऱ्या दारात दोन. खऱ्या पोळ्यांशी त्याचा काही संबंध नव्हता. तिनं मनातल्या मनात गारखेड्यात दुसरी एक फेरी लावली, जी फक्त तिलाच घालता येते. दुसऱ्या दिवशी विचारलं, बरोबर. आठवड्यानं विचारलं, बरोबर. आपानं आपला तुकडा कागदावर लिहून लपवला होता आणि एक आकडा चुकीचा उतरवला होता. तो द्वारकाबाईनं पकडला.

"हरलात परत," ती म्हणाली. आपानं ऐकून घेतलं.

पेटी उघडून बघायची चाचणी झाली त्या दुपारी ओसरीत सहाही जणी होत्या. सुरेखानं आणि दुसऱ्या तुकड्याच्या एका धनिणीनं आपापले तुकडे घातले. दर वेळी बाकीच्यांनी भिंतीकडं तोंड केलं. शेवटी द्वारकाबाई खुर्चीत बसली. आपानं देवगावहून आणलेला रुमाल तिच्या हातावर टाकला आणि खाली आपला डावा हात घातला. द्वारकाबाई डोळे मिटून दारोदार फिरली. प्रत्येक दारात थांबली, बोटं दाबली, पुढं गेली. आपा उजव्या हातानं एकेक आकडा दाबत गेली. ऋतुराज दाराबाहेर पाठ करून उभा होता.

चौतिसावं दार. आपानं बटण दाबलं.

पेटी उघडली. पडद्यावर ओळीनं नावं आली, साध्या उघड्या मराठीत. कुणाच्या पुढं बाई, कुणाच्या पुढं बी. आपानं एकही काढलं नव्हतं. आत बसून आता त्यांनी काहीही म्हणवून घ्यावं, बाहेरून कुणाला दिसणार नव्हतं.

"माझं नाव कुठलं?" द्वारकाबाईनं विचारलं. आपानं बोट ठेवून दाखवलं. तिनं ती अक्षरं नीट बघितली, वाचता येत नसली तरी.

"बंद करा आता. परवा संध्याची परीक्षा संपते. घरी चार दिवस येणार हाय." ती उठली, पदर खोचला. "या खेपंला नाय जमलं तर दिवाळीत सांगीन. पन मीच सांगीन. तवर तुमचं कुलूप धरतंय ना?"

"धरतंय," आपा म्हणाली. या वेळी तिला माहीत होतं.

पोळ्यांची वेळ झाली होती. द्वारकाबाई निघाली, आणि आपानं पेटी बंद केली.